मोठीला जूनमध्ये पहिलीत घालू की घरीच शिकवू? कोल्हापूरच्या पालकांनी सांगा प्लीज

दोन_पिल्लांची_आई

नमस्कार. बरेच दिवस इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय.

आम्ही राजारामपुरीत राहतो. मिस्टर शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत आहेत, घरात सासूबाई, मी आणि दोन मुलं. मोठी ऑगस्टमध्ये सहा पूर्ण करेल, सिनियर केजी संपत आलंय. धाकटा साडेतीनचा, त्याची नर्सरी यंदाच सुरू झाली. मी घरून अकाउंट्सची कामं करते, रोजचे तीन चार तास जातात.

तर झालंय असं की दिवाळीपासून मोठीचं रोज सकाळी पोट दुखतं, रविवारी दुखत नाही. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. शाळेत विचारलं तर म्हणाले वर्गात एकदम शांत असते काही त्रास नाही. पण ही मुलगी शांत नाहीये हो! गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेली की सगळ्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत सुटते, हे वाचायला तिला कुणी शिकवलंच नाही, आपलं आपण जमवलं तिनं. आणि तीच मुलगी घरी आल्यावर दोन पानं एबीसीडी लिहिताना रडते. केजीला रोज दोन पानं कशासाठी हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मिस्टरांना घरी शिकवायची कल्पना पटलीय, म्हणजे निम्मी पटलीय. सासूबाई मात्र दोन दिवस नीट बोलल्या नाहीत. म्हणाल्या शाहू महाराजांच्या गावात राहून पोरीला शाळा नाही म्हणजे काय, माझी आई चौथी शिकली ती गावात शाळा आली म्हणून. त्यांचं मला लागलं, कारण खोटं काहीच नाही त्यात.

कुणी घरी शिकवतंय का कोल्हापुरात? कायद्याचं काय, पुढं दहावीचं काय, आणि मुख्य म्हणजे मला झेपेल का, दोघांना सांभाळून काम करून?

कळंब्याचा_बाबा

ताई, आम्ही शिकवतोय. मुलगा नऊचा आहे, सिनियर केजीनंतर शाळेत घातलाच नाही.

आधी कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, आणि तो ६ ते १४ वयासाठी आहे. म्हणजे तुमच्या धाकट्याचा विषय सध्या त्यात येतच नाही. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य असं कलम १० मध्ये म्हटलंय पण नाही घातलं तर पालकांना दंड शिक्षा असं काही नाही. घरी शिकवायला स्पष्ट परवानगीही कुठं लिहिलेली नाही. २०१२ साली दिल्ली हायकोर्टात केंद्र सरकारनं सांगितलं होतं की जे पालक स्वखुशीनं घरी शिकवतात त्यांच्या आड हा कायदा येत नाही, आमच्यासारखे लोक त्याच आधारावर चाललेत. कुणी तुम्हाला शंभर टक्के कायदेशीर आहे काळजी नको असं सांगितलं तर तेवढं खरं नाही.

दहावीला एनआयओएसला, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला बसता येतं, चौदा पूर्ण लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा असते आणि पाच वर्षांत मिळून नऊ संधी मिळतात, विषय सुटे सुटे दिले तरी चालतात. आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, त्याच्या पाचवी आठवीच्या परीक्षा पण असतात, पाचवीला दहा वर्षं पूर्ण हवीत. शिवाय बाहेरून दहावीला बसायचा १७ नंबरचा फॉर्म तर आपल्याकडं सगळ्यांना माहितीच आहे. त्यामुळं सहा वर्षांच्या पोरीसाठी आत्ता दहावीची झोप उडवून घेऊ नका.

खरी अडचण दुसरीच असते. पहिले सहा महिने आम्ही घरात शाळाच मांडली होती, टाइमटेबल, फळा, पस्तीस मिनिटांचा तास. पोरगं वैतागलं, बायको वैतागली, मी ऑफिसवरून आलो की दोघांची तक्रार ऐकायची. मग सोडलं ते सगळं. आता सकाळी दीड तास वाचन आणि गणित, बस. बाकी दिवस बाहेरचा. आत्ता गुऱ्हाळं चालू आहेत तर गेल्या आठवड्यात दोन दिवस तिथंच होतो. काहिलीत रस उकळताना भेंडीचं पाणी का घालतात, मळी वर का येते, शंभर लिटर रसातून गूळ किती निघाला, हे त्यानं स्वतः विचारून वहीत लिहिलं. गणपतीच्या आधी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत रोज संध्याकाळी जाऊन बसायचा. करवीर नगर वाचन मंदिरात दर शनिवारी. एवढ्या जुन्या, १८५० सालच्या लायब्ररीत मुलं एवढी कमी दिसतात याचं मला फार वाईट वाटतं, पण ते असो.

आणि जे मिळत नाही ते पण सांगतो. बोनाफाईड मिळत नाही. शालेय स्पर्धांत खेळता येत नाही, मुलगा कुस्तीला तालमीत जातो, वस्ताद म्हणतात पोरगं चांगलं आहे, पण शाळेच्या गटात उतरवायचं तर शाळा पाहिजे. स्कॉलरशिपच्या परीक्षेचा फॉर्म शाळेतूनच भरतात. आणि दुपारी बारा ते चार गल्लीत एक पोरगं नसतं, त्या चार तासांचं आम्हाला अजून उत्तर सापडलेलं नाही.

फुलेवाडीकर

ताई आमचं बी असंच झालतं. दोन वर्सं घरी शिकवलं आणि तिसरीला परत शाळेत घातलं, त्याचं वाईट वाटत न्हाई, पण झालं काय ते सांगतो.

मी वर्कशॉपला सकाळी आठला जायचो ते रात्री आठला. म्हणजे शिकवायचं म्हणजे कोण, तर बायकोनंच. स्वैपाक तिचा, आईचं औषधपाणी तिचं, धाकटी पोरगी तिच्याकडं, वर शिलाईची कामं यायची ती बंद झाली. निर्णय दोघांचा म्हणायचा आणि दिवस एकटीचा गेला. एकदा रात्री जेवताना म्हणाली, मी आज दिवसभरात एकदा पण एकटी बसले न्हाई. मला तवा कळलं. लई उशिरा कळलं खरं तर.

म्हणून तुमच्या मिस्टरांना पटलंय निम्मं म्हणताय न्हवं, ते निम्मं म्हणजे कुठले तास हे आधी विचारा. मंगळवारी सकाळी नऊ ते अकरा पोरांना कोण बघणार. असं वाराचं नाव घेऊन विचारा, नुसतं सपोर्ट आहे म्हणून चालत न्हाई. तुमचं काम सोडायचं ठरणार असंल तर ते पण आत्ताच बोला, नंतर आपोआप सुटतंय.

परत घालायची भीती वाटत असंल तर ती सोडा. वयाप्रमाणं वर्गात घेतात, कायद्यातच हाय तसं. दाखला न्हाई म्हणून एका शाळेनं आम्हाला परत पाठवलं, दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी समोर बसवून वाचून घेतलं आणि पोरगा तिसरीत बसीवला. दाखल्यावाचून अडवायचं न्हाई असा नियम हाय, तेवढा लक्षात ठेवा.

मास्तरीणबाई

पोरी, मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेत काढली, राधानगरी आणि भुदरगडात. तुझ्या सासूबाईंची बाजू मी घेणार आहे, पण आधी तुझं ऐकते.

शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळचा रुपया! कळंब्याचे बाबा म्हणतात आताच्या कायद्यात दंड नाही, बरोबर आहे. पण महाराजांना तो का लावावा लागला ते बघ. पोरगी कुणाची शिकेल आणि कुणाची नाही हे घरानं ठरवायचं नाही म्हणून. तुझ्या घरातली पोरगी शिकेलच, मला त्यात शंका नाही. पण शाळेत तिच्या शेजारी जी बसेल तिच्या घरी पुस्तक नसेल, तुझी मुलगी तिला पाटी वाचून दाखवेल, ते घरी कसं होणार? मला हे फार मोठं वाटतं.

आता दुसरं. तुला ही शाळा नको आहे की शाळाच नको आहे? तुझ्या पत्रात सगळी तक्रार एका वर्गाची आहे. आपल्याच कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ ला सृजन आनंद शाळा सुरू केली, मुलांना न घाबरवता शिकवता येतं हे दाखवायला बाहेर कुठं जायची गरज नाही. आणि गुढीपाडव्याला जरगनगरच्या महापालिकेच्या शाळेपुढं प्रवेशासाठी पालकांच्या रांगा लागतात, मराठी शाळा आहे ती. तुझी मुलगी मराठीत पाट्या वाचते आणि रडते एबीसीडीला, हे तूच लिहिलंयस.

आणि तिसरं, पोटाचं. सोनोग्राफीत न दिसणारी पोटं मी खूप बघितली. तिला का दुखतं असं विचारू नकोस, त्या वयात सांगता येत नाही. घरी आल्यावर पहिलं काय करते ते चार दिवस नुसतं बघ. डबा उघडते, झोपते, भावाला मारते, काय ते. मग लिही इथं.

दोन_पिल्लांची_आई

बाई, चार दिवस कशाला, वाचल्यावाचल्या कळलं मला. ती आल्यावर बूट न काढता बाथरूमला पळते. रोज. मी रोज ओरडते बूट काढ म्हणून.

काल रात्री अंधारात शेजारी झोपून विचारलं. शाळेत बाथरूमला फक्त सुट्टीत जायचं, मधे हात वर केला तर टीचर थांब म्हणतात, आणि सुट्टीत तिथं मोठ्या मुली असतात म्हणून ही जातच नाही. दिवाळीनंतर एकदा वर्गातच झालं होतं. मला कुणी सांगितलं नाही, तिनंही नाही. पाणी पण पीत नाही म्हणे, बाटली भरलेली परत येते ती मी बघत होते आणि मला वाटायचं विसरते. रात्रभर झोप नाही लागली.

सासूबाईंना सकाळी सांगितलं तर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, उठून तिच्यासाठी शिरा केला आणि आज शाळेत नको पाठवू म्हणाल्या.

फुलेवाडीकर दादा, तुमचं मिस्टरांना वाचून दाखवलं. मंगळवारी नऊ ते अकरा कोण, या प्रश्नावर ते गप्प बसले आणि मग खरं बोलले की मला नाही जमणार. मला ते बरं वाटलं, रागही आला थोडा, पण बरंच वाटलं.

सध्या असं ठरवलंय की या शाळेत आता मोठीला पाठवायचं नाही, केजीच आहे, दोन महिने घरी राहिली तर काय बिघडतंय. धाकट्याची नर्सरी बंद, सहा होईपर्यंत त्याची घाई नाही. जूनला मोठीला पहिलीत घालायचं पण मराठी शाळेत, आणि आधी स्वतः जाऊन मुलींची बाथरूम बघायची, दाराला कडी आहे का, पाणी आहे का, मधे जाऊ देतात का. सासूबाई येणार आहेत बरोबर. जमलं नाही तर मग कळंब्याच्या बाबांना भेटायला येईन, चालेल ना?

कळंब्याचा_बाबा

कधीही या ताई. आणि शाळा बघायला जाल तर सुट्टी संपल्यावर अर्ध्या तासानं जा, सुट्टीच्या आधी सगळं स्वच्छच असतं. तोवर दोन महिने मोकळे आहेत तर पोरीला घेऊन शनिवारी वाचन मंदिरात या, माझा पोरगा असतो तिथं, पाट्या वाचणारी सोबत मिळाली तर त्याला हवीच आहे.

मास्तरीणबाई

आज पाणी प्यायली का ती?

दोन_पिल्लांची_आई

दोन बाटल्या बाई.