ऊन लागलं का चुंबक मरते म्हणे!

रिवाइंडिंगवाला: काल ह्या ग्रुपवर एकानं टाकलं, 'सोलर पंपाच्या मोटारीतलं चुंबक विदर्भाच्या उन्हात मरते, जुनी बिनचुंबकाची इंडक्शन मोटारच घ्या.' सकाळपासून तीन गिऱ्हाइकं हेच ऐकवून गेले. अरे भाऊ, पाणबुडी मोटार विहिरीच्या पाण्यात असते, धुऱ्यावर नाही! ऊन प्लेटा खातात. निओडिमियम-लोह-बोरॉनचं साधं चुंबकही ८० अंशांपर्यंत टिकते, डिस्प्रोशियम घातलेलं त्याच्याही पुढं. आपलं ऊन पन्नाशीच्या आतच अटकते.

धुऱ्यावरचा: पाणी असलं तर ना! मे मधी विहीर आटली, माह्यी मोटार कोरडी फिरली अन् गेली. कंपनीचा माणूस 'उद्या येतो' म्हणत पंधरा दिवस. तुमचं काय, दुकान चालवाले बोलून राहिले.

रिवाइंडिंगवाला: दुकान पाहिलं असतं तर इंडक्शनच घ्या म्हणलो असतो बे! तांबं भराचे पैसे तिच्यातच भेटतात. चुंबकवाली उघडाले मलेच भेव वाटते. आतला फिरता रोटर असा वढते का बोट चेंगरते, अन् लोखंडाचा कीस चिकटला का अर्धा तास पुसत बसा. अन् कोरडी फिरली तर इंडक्शनही जळतेच.

कपाशीवाला: इंडक्शन घेऊन करता काय? थ्री फेज रात्री बाराले येते. मागच्या हिवाळ्यात हरभऱ्याले पाणी देता देता पायाजवळून साप गेला. तवापासून बायको बॅटरी घेऊन बांधावर उभी राहते.

धुऱ्यावरचा: तुमच्याकडं येते तरी! आमचा डीपी जळून आठ दिवस झाले.

कपाशीवाला: आमचा दोनदा जळला, वर्गणी करून बसवला. तुम्ही आठ दिवसांचं रडता?

दालमिलचा पोऱ्या: विषय चुंबकाचा होता ना? आमच्या मिलीत तुरीतले खिळे काळं फेराइटचं साधं चुंबकच काढते. रेअर अर्थ, म्हणजे निओडिमियमसारख्या धातूंचं, पाहिजे कशाले? चीननं हात आखडला का बसा बोंबलत.

रिवाइंडिंगवाला: फेराइटची ताकद दहाव्या हिश्श्याची. तेवढ्या जोराले मोटार केवढी मोठी होईल, मंग सहा इंची बोअरमधी सोडशील कशी? चीनचं मात्र बरोबर बोलला. एप्रिल २०२५ मधी त्यानं सात रेअर अर्थवर निर्यातीचे परवाने लावले. निओडिमियम त्यात नव्हतं, डिस्प्रोशियम होतं. केरळच्या वाळूत मोनाझाइट, म्हणजे रेअर अर्थवालं खनिज हाय, पण वाळूचं चुंबक होत नाई. धातू काढाचे, चुंबक बनवाचे मधातले कारखाने लागतात.

धुऱ्यावरचा: बरं बाप्पा, चुंबक उन्हानं नाई मेलं, माह्या नशिबानं मेलं. आता कंट्रोलरची स्क्रीनच काळी हाय, ते सांगा.

रिवाइंडिंगवाला: प्लेटाची वायर निघाली असन. फोटो टाक.