क्लब हाउसमधल्या रेकॉर्डी कुणी काढल्या?

दामले ए-३०४: भंगारवाला गेटवर उभा आहे आणि राजवाड्यांच्या रेकॉर्डींचं खोकं त्याच्या हातगाडीला टेकवलेलं सापडलं. कुणी दिलं? मी ते उचलून ए विंगच्या जिन्याखाली ठेवलंय. कृपया कुणीही हात लावू नये.

खरे (सेक्रेटरी): नमस्कार दामलेसाहेब. मीटिंगमध्ये ठरल्याप्रमाणे मोठं कपाट रिकामं केलं आहे, ट्रेडमिल येतेय. नोटीस बोर्डावर होती. आपण सही केली आहे.

दामले ए-३०४: नोटिशीत 'जुने सामान' लिहिलं होतं. राजवाडे गेल्यावर वहिनींनी विश्वासाने सोसायटीला दिलेल्या वस्तू आहेत त्या.

खोत बी-१०१: गुरुवारी टाकी सफाई. सकाळी ९ ते १ पाणी नाही. भरून ठेवणे.

पिंटो बी-५०२: दामले, आत काय काय आहे रे? माझी एंगलबर्टची रेकॉर्ड आहे का? राजवाडेने नेलेली, परत दिली नाही.

दामले ए-३०४: आहे. 'रिलीज मी'. शिवाय बीटल्सच्या 'रबर सोल' आणि 'सार्जंट पेपर', सुप्रीम्स, क्लिफ रिचर्डच्या दोन, आणि रोलिंग स्टोन्सची 'पेंट इट ब्लॅक', छोटी, मिनिटाला ४५ फेऱ्यांची. काहींवर 'मेड इन इंडिया' आहे, दमदमच्या कारखान्यातल्या.

केतकी बी-३०३: काका, राग मानू नका, पण हे सगळं फोनवर मिळतं ना? मग जागा कशाला अडवायची?

नाईक सी-२०२: केतकीला अनुमोदन. आणि बीटल्सचं कौतुक किती करायचं? 'जानवर'मधलं शम्मी कपूरचं 'देखो अब तो' ऐका. आपल्या शंकर-जयकिशनची चाल ढापली त्यांनी.

पिंटो बी-५०२: नाईक, उलटं आहे. बीटल्सचं 'आय वाँट टू होल्ड युअर हँड' १९६३ चं. 'जानवर' १९६५ चा.

नाईक सी-२०२: बरं. मग आपल्याकडे रफीसाहेबांनी जास्त चांगलं म्हटलं.

खोत बी-१०१: गुरुवारी टाकी सफाई. ९ ते १ पाणी नाही.

दामले ए-३०४: केतकी, रागावलो नाही. खोक्यात बीटल्सच्या 'लेडी मॅडोना'ची ४५ ची रेकॉर्ड आहे, मार्च १९६८ ची. तिच्या मागच्या बाजूला 'दि इनर लाइट' आहे, बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचं. त्याची वाद्यं कुठे वाजली माहीत आहे? आपल्या फोर्टमध्ये, फिरोजशहा मेहता रोडवर एचएमव्हीचा स्टुडिओ होता, तिथे, जानेवारी १९६८ मध्ये. जॉर्ज 'वंडरवॉल' सिनेमाचं संगीत करायला आला होता, शिवकुमार शर्मांचं संतूर आहे त्यात. तेव्हाच या गाण्याची वाद्यं उरकली. बासरी हरिप्रसादांची, सरोद आशिष खाँचं, सोबत पखवाज आणि हार्मोनियम. जॉर्जने गायलं नंतर लंडनला. शब्द 'ताओ ते चिंग' या चिनी ग्रंथावरून. जॉर्जने लिहिलेलं गाणं बीटल्सच्या सिंगलवर, म्हणजे अशा छोट्या रेकॉर्डवर, आलं ते पहिल्यांदाच. राजवाडे फोर्टात नोकरीला होते, ही रेकॉर्ड ते वर्षातून एकदा तरी क्लब हाउसमध्ये लावायचे. ती हातगाडीवरून जाणार होती.

केतकी बी-३०३: हे मला खरंच माहीत नव्हतं. मुंबईत??

पिंटो बी-५०२: सप्टेंबर १९६६ मध्येही आला होता, रविशंकरांकडे सतार शिकायला. ताजमध्ये उतरला होता.

खरे (सेक्रेटरी): माहिती उत्तम आहे. परंतु हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. 🙏

नाईक सी-२०२: मग रोज सकाळी सहाला येणारे गुलाब कुठल्या कामासाठी असतात?

खरे (सेक्रेटरी): नाईक, आधी तुमची स्कूटर माझ्या जागेवरून काढा, मग बोलू.

नाईक सी-२०२: ती जागा कुणाची, हे २०१९ लाच ठरलंय. मिनिट्स वाचा.

पिंटो बी-५०२: पार्किंग नको आता, प्लीज. एंगलबर्टचा जन्म मद्रासचा, क्लिफचा लखनौचा. आणि १९६७ मध्ये इंग्लंडात 'रिलीज मी' पहिल्या नंबरावर बसलं होतं म्हणून बीटल्सचं 'पेनी लेन' वर गेलंच नाही. दामले हे कधी सांगत नाही.

दामले ए-३०४: सांगतो की. ४ एप्रिल १९६४ ला अमेरिकेच्या यादीत पहिली पाचही गाणी बीटल्सची होती, हेही सांगतो.

वैद्यकाकू ए-१०२: मघापासून वाचतेय. सगळे पुरुषच. सुप्रीम्सचं नाव यादीत घेऊन पुढे पळालात. त्या तिघी गायिकांची १९६४-६५ मध्ये अमेरिकेत ओळीने पाच गाणी पहिली आली. आणि अरेथा फ्रँकलिन? 'रिस्पेक्ट' मूळ ओटिस रेडिंगचं. त्यात पुरुष घरी आल्यावर मान मागतो. अरेथाने १९६७ मध्ये तेच बाईच्या तोंडी घातलं, वर एकेक अक्षर सुटं उच्चारून मान मागितला. मी कॉलेजात ते ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. सतारीचं कौतुक करा, पण हेही ऐका.

केतकी बी-३०३: काकू ❤️ अरेथा मला पाठ आहे.

दामले ए-३०४: मान्य, वहिनी. अरेथा खोक्यात नाही, ती राजवाड्यांकडे नव्हतीच.

वैद्यकाकू ए-१०२: माझ्याकडे आहे.

खोत बी-१०१: गुरुवारी टाकी. ९ ते १.

नाईक सी-२०२: खोतसाहेब, एव्हाना टाकीलाही कळलंय.

खोत बी-१०१: मागच्या वेळी तुम्हीच फोन करून ओरडला होतात.

खरे (सेक्रेटरी): दामलेसाहेब, विषय संपवू. खोकं भंगारात जाणार नाही. पण कपाटही मिळणार नाही. आपल्या घरी ठेवा, सोसायटीच्या यादीत नोंद राहील. वहिनींना मी स्वतः फोन करतो. त्यांना विचारायला हवं होतं.

दामले ए-३०४: ठीक. आभारी आहे. रविवारी संध्याकाळी पाचला क्लब हाउस हवं, आठला बंद करू. प्लेअर माझा, सुई नवी आणावी लागेल.

खरे (सेक्रेटरी): दिलं. आवाज मर्यादेत. सी-४०१ च्या मुलाची बारावी आहे.

केतकी बी-३०३: खोकं वर न्यायला मी येते. सांभाळायच्या कशा या?

दामले ए-३०४: उभ्या ठेवायच्या, पुस्तकांसारख्या. एकावर एक रचल्या तर वाकतात. खिडकीच्या उन्हात नको. पावसाळ्यात बुरशी धरते, मऊ सुती कापडाने खाचेच्या दिशेने गोल पुसायच्या, आडवं घासायचं नाही. आणि धरताना फक्त कडा आणि मधलं लेबल.

पिंटो बी-५०२: पहिला एंगलबर्ट.

दामले ए-३०४: पहिलं 'दि इनर लाइट'. दुसरी वैद्यवहिनींची अरेथा. मग तू, आणि तुझी रेकॉर्ड घरी घेऊन जा.