बदलापूर ते वसई, उल्हास नदीतून एकट्याने कयाक, तेही मे महिन्यात. जमेल का?

घोडबंदर_वल्हेवाला
नमस्कार मंडळी. राहायला कासारवडवली, वय 34. दोन वर्षं झाली एक फुगवायची कयाक घेऊन, कोलाडला चारपाच वेळा आणि गायमुखच्या आसपास रविवारी सकाळी वल्हवतो, एका दिवसात जास्तीत जास्त 18 किमी मारलेत. आता डोक्यात आलंय की बदलापूरच्या बॅरेजखाली कयाक टाकायची आणि कल्याण, डोंबिवली, ठाणे, घोडबंदर करत थेट वसईच्या किल्ल्यापाशी काढायची. मॅपवर बोटाने मोजलं तर 70-75 किमी होतंय, तीन दिवस धरलेत. बुद्ध पौर्णिमेची सुट्टी जोडून घेणार, पौर्णिमा म्हणजे चांदणं पण असेल, ऊन फार लागलं तर रात्री वल्हवता येईल असा विचार. सोबतीला कोणी तयार नाय, बायको म्हणते एसीत बसून डोकं फिरलंय. कोणी केलंय का? मे मध्ये नदीला पाणी असतं का मुळात?

बॅरेज_रोड
पाणी असतं, त्याची काळजी सोड. भिवपुरीला टाटांचं वीजघर आहे ना, तिथून वीज बनवून सुटलेलं पाणी उल्हासलाच येतं, म्हणून बाकी नद्यांच्या मे मध्ये डबकी झाली तरी ही वाहती राहते. अर्ध्या ठाणे जिल्ह्याचे नळ याच्यावर चालतात. तुझा प्रॉब्लेम पाणी नाही, बंधारे आणि जलपर्णी. जांभूळला बंधारा, पुढे मोहनेला बंधारा, दर ठिकाणी बोट उचलून काठाने चालायचं, आणि तिथे पाणी उचलायची पंपिंग आहेत त्यामुळे वॉचमन हटकणार. मोहनेच्या अलीकडे उन्हाळ्यात जलपर्णी अशी माजते की लांबून बघणाऱ्याला क्रिकेटचं ग्राउंड वाटेल. वल्हं घातलं की मुळांचा झुबका घेऊनच वर येतं. मी थर्माकोलच्या तराफ्यावर लहानपणी हे सगळे उद्योग केलेत, तेव्हा नदी बरी होती.

चेंदणीकर
मी कोळीवाड्यातला, वय विचारू नका. पौर्णिमा ऐकून हसू आलं. मित्रा चांदणं बघून निघतोयस पण पाणी कुठल्या बाजूला जाणार ते बघितलंस का? मोहनेच्या खाली ती नदी राहत नाही, खाडी होते, तिथून तुझा मालक चंद्र.

आमचा जुना हिशोब सांगतो, मोबाईल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. म्हणजे ऐन सकाळभर, तुला जेव्हा उन्हाच्या आधी अंतर कापायचं असतं तेव्हाच, समुद्र वर चढतोय आणि तू त्याच्या तोंडावर. त्यात उधाणाची भरती, सगळ्यात जोरात. तीन तास वल्हवशील आणि वर बघशील तर तोच पूल. बरं हे गणित समुद्राकाठचं, आत कल्याण डोंबिवलीला पाणी बरंच उशिरा पोचतं, म्हणजे तुझी उलटी धार पार दुपारपर्यंत.

मी असतो तर पंचमीला पहाटे कल्याणच्या दुर्गाडीहून सुटलो असतो, शुद्ध असो की वद्य. बाहेर पावणेचारला भरती, आत अजून नंतर, उजाडेपर्यंत ओहोटी लागते आणि दुपारपर्यंत पाठीवर राहते. भांगाचे दिवस, म्हणजे अष्टमीच्या आसपासची सगळ्यात कमी भरती-ओहोटी, जवळ आलेले असतात म्हणून ओढ कमी, पण ते चांगलंच, चिखल पण कमी उघडा पडतो. रोज भरती पाऊण तास पुढे सरकते ते पण धर.

चिखलाचं सांगतो कारण तुम्ही सोसायटीतली पोरं मॅपवर काठ बघता आणि समजता उतरता येईल. पूर्ण ओहोटीला पाणी आणि तिवरांच्या मध्ये नुसता गाळ. कोलशेतच्या समोर एकदा एक जण पाय मोकळे करायला उतरला, मांडीपर्यंत गेला, पाय ओढला तर सँडल आत. आम्ही होडीतली फळी टाकली, तिच्यावर पोट टेकून सरपटत आला, अंगाला नुसता काळा लेप, आणि वर विचारतो काका मोबाईल भिजला असेल का. उतरायचं तर बंदरावर नाहीतर घाटावरच, दुर्गाडीचा गणेशघाट, रेतीबंदर, गायमुख. पुलाच्या खांबाला तर अजिबात टेकू नको, कालवं असतात, तुझी ती रबराची बोट ब्लेडने कापल्यासारखी फाटेल.

आणि गायमुख ओलांडलं की दुपारी पश्चिमेचा वारा समोरून. ओहोटी खाली जाते, वारा वर येतो, दोघांच्या भांडणात लाटा उभ्या राहतात. अकराच्या आत काठाला.

ऐरोली_नाईट_ड्युटी
मी नर्स आहे, पाण्यातलं मला काही कळत नाही, उन्हातलं सांगते. 2023 च्या एप्रिलमध्ये खारघरला भर उन्हातल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं गेली ते आपण सगळ्यांनी बघितलंय आणि ती माणसं नुसती बसलेली होती. आपल्याकडे दमट असतं, घाम येतो पण सुकत नाही, म्हणजे अंग थंड होतच नाही, नुसतं पाणी जातं. त्यात तू लाईफ जॅकेट घालून व्यायाम करणार (जॅकेट काढू नकोस हं, तसा अर्थ नको काढू).

तासाला पाऊण ते एक लिटर धर, सहा तासांचे सहा लिटर, खाडीचं पाणी तोंडात जाता कामा नये. नुसतं साधं पाणी ढोसू नकोस, मीठ कमी पडून चक्कर येते ती वेगळीच. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्ये, अर्ध्या बाटलीत नाही. पाकीट संपलं तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाचा छोटा चमचा, सपाट. ताक उत्तम पण ते उन्हात किती टिकणार.

मला खरी भीती एकटा आहेस याची वाटते. उष्माघातात माणूस आधी बरळतो, आणि बरळतोय हे त्याला स्वतःला कळत नाही. घाम चालू असतो म्हणून पेशंटला वाटतं मी ठीक आहे. दर तासाला बायकोला फोन कर आणि तिने सतरा चोक किती असं काहीतरी विचारायचं. उत्तराला वेळ लागला, चिडचिड केलीस, की तिने सांगायचं काठाला लाव, वाद नाही.

सेक्टर_9_नेरुळ
एवढ्या घाण पाण्यातून जायचा अट्टहास कशाला, चिपळूणला जा ना, वाशिष्ठी दाभोळपर्यंत. कोयनेचं पाणी सुटतं, उन्हाळ्यात पण भरपूर असतं, दोन्ही बाजूला हिरवंगार.

बॅरेज_रोड
हो आणि मगरी पण भरपूर असतात, तो पाय कुठे मोकळे करणार.

घोडबंदर_वल्हेवाला
😂 मगरी राहू द्या. सगळ्यांचे आभार, खासकरून काका, पंधराची पाऊणपट वाचून मी कालनिर्णय काढून बसलो. पौर्णिमा कॅन्सल. काल स्कूटरने मोहनेला जाऊन आलो, बॅरेज_रोड म्हणाला तसंच आहे, जलपर्णीवर बगळे चक्क चालत होते. त्यामुळे बदलापूरचा हट्ट सोडला, वद्य पंचमीला पहाटे दुर्गाडीहून निघतोय, पहिला मुक्काम कोलशेतच्या मित्राकडे, षष्ठीला वसई. सिस्टर, बायकोला तुमचा मेसेज दाखवला, ती आत्तापासूनच जेवताना पाढे विचारतेय.

काका एकच, कळव्याच्या आसपास ठाणे खाडीचं तोंड मिळतं तिथे पाणी कुठे ओढतं?

चेंदणीकर
तिथे दोन्हीकडून भरती येते, वसईकडून पण आणि ठाणे खाडीतून पण, म्हणून जरा गोंधळ असतो. चुकून डावीकडे कळव्याच्या पुलाखाली घुसू नको, तिकडे पुढे फ्लेमिंगोचं अभयारण्य, वनखात्याची परवानगी लागते. उजवा काठ धरून काशेळीचा पूल गाठ. आणि बोट उन्हात काठावर ठेवलीस तर थोडी हवा सोड, तापून फुटते. आमच्या इथल्या एकाची दुपारी जेवायला बसलेला असताना फाटकन फुटली, सगळ्यांना वाटलं ट्रकचा टायर.