मणीकाम केलेला टॉप घरच्या साध्या जेवणाला कसा घालावा?

येत्या शनिवारी रात्री माझ्याकडे सात-आठ जण जेवायला येणार आहेत. सगळे नेहमीच्या भेटीतले असल्यामुळे कोणी नटूनथटून येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही 2 वर्षे कपाटात पडून असलेला एक टॉप त्या दिवशी घालावा, अशी फार इच्छा आहे. तो बाटलीसारख्या गडद हिरव्या जॉर्जेटचा असून कमरेच्या थोडा खाली येतो आणि बाह्या कोपरापर्यंत आहेत. गळ्याभोवती जुन्या तांब्याच्या रंगाच्या, जेमतेम 2 मिलिमीटरच्या काचेच्या मण्यांचे दाट काम आहे; छातीखाली ते विरळ होत जाते आणि खालच्या काठाला पुन्हा बोटभर रुंदीची मण्यांची पट्टी येते. एका समारंभासाठी तो घेतला होता आणि त्यानंतर त्याला हातही लागलेला नाही.

काल आरशासमोर तीन प्रयोग करून पाहिले. काळ्या सॅटिनच्या पँटवर घातला, तर यजमानीण स्वतःच कुठेतरी निघाली आहे आणि पाहुणे चुकीच्या वेळी आले आहेत, असे वाटले. फिकट, गुडघ्यावर विरलेल्या जीन्सवर घातला, तर वर एक बाई आणि खाली दुसरीच उभी दिसली. पांढरट लिननची सैल पँट त्यातल्या त्यात बरी वाटली, पण तिच्यावर काठाची पट्टी एकदम डोळ्यांत भरते, आणि टॉप आत खोचावा तर नेफ्याशी मण्यांचा गोळा होतो. शिवाय मला सारखे स्वयंपाकघरात ये-जा करावे लागणार, वाकून वाढावे लागणार. टॉपचा थाट थोडा उतरवून तो घरातला वाटेल, असे काय करता येईल? खाली काय घालावे, दागिने घालावेत की नाहीत आणि काम करताना मणी कसे सांभाळावेत, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सुचवावे.

प्रतिसाद 1

आपला लिननचा विचार योग्य दिशेने आहे, फक्त रंग अडचणीचा आहे. गडद टॉपखाली पांढरे आले की दोन्ही रंग जिथे भेटतात तिथेच नजर थांबते, आणि नेमकी तिथेच आपली पट्टी आहे. त्याऐवजी कोळशासारखा करडा किंवा गडद निळा रंग घ्यावा. न विरलेली, सरळ पायांची गडद निळी जीन्स असेल तर मी तीच निवडेन, कारण तिचा जाडाभरडा, चमक नसलेला पोतच मण्यांचा तोरा उतरवतो. टॉप खोचू नये. पँटची लांबी मात्र अनवाणी उभे राहून पाहावी, कारण उंच टाचांच्या हिशेबाने शिवलेली पँट घरात जमिनीवर लोळते आणि सगळा बेत विस्कटतो.

गळ्यात काहीही घालू नये. गळ्याचे काम हाच हार आहे, आणि साखळी मण्यांत अडकते ती वेगळीच. कानांत बारीक कुड्या पुरेत. केस मोकळे सोडण्याचा मोह टाळून सैलसर बांधावेत, कारण लांब केस मण्यांत गुंततात. आणखी एक, जे सहसा कोणी तपासत नाही: काचेचे मणी दिवसाच्या पसरट उजेडात शांत दिसतात, पण दिव्याखाली लखलखतात. त्यामुळे ज्या खोलीत जेवण आहे तिथे रात्री, त्याच दिव्यांत एकदा टॉप घालून पाहावा.

प्रतिसाद 2

सजावटीचे वर आले आहे, मी टॉपच्या प्रकृतीविषयी लिहिते. तो उलटा करून मागचे टाके पाहावेत. मणी सलग साखळी टाक्यावर ओवलेले असतील, तर एक सुटलेला दोरा ओढला की ओळीच्या ओळी उसवत जातात. तसा दोरा दिसल्यास ओढू नये, कापूही नये, आतल्या बाजूने सुईदोऱ्याने बारीक गाठ मारून पक्का करावा. इस्त्री उलट बाजूने, जाड टॉवेलवर आणि मंद आचेवर. काचेला फारसे काही होत नाही, पण त्यात प्लास्टिकचे मणी मिसळलेले असले तर ते वितळू शकतात. सुगंध टॉप घालण्यापूर्वी लावून वाळू द्यावा. स्वयंपाकघरात गुळगुळीत सुती ॲप्रन असावा, सैल विणीचा नको, कारण त्याचे धागे मण्यांत अडकतात. वेताच्या विणीच्या खुर्चीलाही त्या रात्री पाठ टेकू नये.

धागाकर्ती (प्रश्न विचारणारी)

दोघींचे मनापासून आभार. गडद निळी जीन्स सापडली आणि आज रात्री जेवणघरातल्या दिव्याखाली टॉप घालून पाहिला. कानातल्या कुड्यांखेरीज काहीच न घातल्यामुळे तो खरोखर शांत झाला. उलटा करून पाहिला तेव्हा काठाच्या पट्टीत दोन दोरे सुटलेले आढळले, त्यांना गाठी मारल्या आहेत. मात्र 2 वर्षे हँगरवर राहिल्याने मण्यांच्या भाराने खांदे उतरले आहेत आणि गळा पुढे झुकतो.

प्रतिसाद 2

खांद्याच्या शिवणीवर मणी नसतील, तर आतून हाताने अर्ध्या सेंटिमीटरची चिमटी घेऊन कच्चा टाका घालावा. गळा लगेच वर येतो आणि नंतर टाका उसवताही येतो. यापुढे टॉप हँगरवर न लावता मऊ सुती कापडात सैल घडी करून आडवा ठेवावा.