अडेनियमचं खोड खाली मऊ लागतंय, कोणतं खत घालू? अर्जंट

गच्चीवाली: पानं पिवळी पडून गळतायत, कळ्या होत्या त्याही वाळल्या आणि आज दाबून बघितलं तर खोड खाली एका बाजूने पिचपिचीत. खताचं नाव सांगा फक्त, "ऊन द्या" वगैरे नको, ते भरपूर आहे.

मातीतला किडा: कुठे राहता, माती कसली, पाणी किती? काहीच लिहिलं नाहीत.

गच्चीवाली: ठाणे. माती नर्सरीतली तशीच. पाणी सगळ्या झाडांना पाइपने घालते त्यातच, पाऊस असला की नाही.

मातीतला किडा: म्हणजे कुंडी पावसात उघड्यावर! खत अजिबात नको, खोड सडतंय. आजच उपटा, मुळं धुवा, सुरी स्पिरिटने पुसून मऊ भाग कापा, आत पांढरा गर लागेपर्यंत, तपकिरी ठिपका राहिला तर सड परत पसरते. मग 'साफ' नावाची बुरशीनाशक पावडर चोपडा आणि आठ-दहा दिवस सावलीत तसंच कोरडं ठेवा. नंतर जाड वाळू, विटांचे तुकडे, मूठभर शेणखत.

नागपूरकर७: पाण्याचा एवढा बाऊ नका करू हो, मी मे महिन्यात रोज घालतो आणि झाड फुलांनी लगडतं. दोष नर्सरीच्या मातीतल्या कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या भुशाचा.

मातीतला किडा: नागपूरचा मे आणि ठाण्याचा जुलै एकच का दादा?

सखूताई: चिकाचं झाड दारात नसावंच म्हणतात. जेड लावा, फांदी माझ्याकडून घेऊन जा.

कातळसडा: दारातलं माहीत नाही, पण चीक विषारी आहे हे खरं, कण्हेरीच्याच कुळातलं झाड, आफ्रिकेत बाणाला लावायचे. कापताना हातमोजे घाला. आणि ताई, कलमी आहे का?

गच्चीवाली: ते कसं ओळखायचं? एकाच झाडाला गुलाबी आणि पांढरी अशी दोन्ही फुलं येतात.

कातळसडा: मग कलमीच. सड कलमाच्या जोडाच्या वर चढली असेल तर खोडाचा नाद सोडा, वरच्या चांगल्या फांद्या कापून, चीक वाळला की कोरड्या वाळूत खोचा. जगतील, फक्त बुंधा तसा गरगरीत होत नाही, तो बियांच्या रोपालाच.

नागपूरकर७: बुंध्यासाठी दर वर्षी मुळं थोडी वर उचलून लावायची, फोटो टाकतो.

गच्चीवाली: अहो बुंधा राहू दे! कापलं मी, मधोमध अजून तपकिरी आहे, आणखी किती कापू??

सखूताई: दोन रंगांचं कुठे मिळालं गं तुला?