मदत हवी आहे: उणे ३० सोसणारी रोपं उणे १५ मध्येच कशी गेली?

नमस्कार मंडळी,

थंड प्रदेशातल्या एका वनस्पती उद्यानात अल्पाइन, म्हणजे उंच डोंगरांवर वाढणाऱ्या, झाडांचा एक वाफा माझ्याकडे सोपवलेला आहे. गेल्या आठवड्यात बर्फ वितळून वाफा उघडा पडला आणि पोटात गोळाच आला. सप्टेंबरअखेर लावलेल्या ४० रोपांपैकी ११ जिवंत आहेत.

सगळी रोपं झोन, म्हणजे हिवाळ्यातल्या थंडीवरून पाडलेले विभाग, बघूनच निवडली होती. आमचा झोन ५, म्हणजे हिवाळ्यातलं सर्वांत कमी तापमान साधारण उणे २३ ते उणे २९. यंदा पारा उणे १५ च्या खाली गेलाच नाही. मात्र जानेवारीत दोनदा पाऊस पडला, बर्फ वितळलं आणि रात्रीत सगळं पुन्हा गोठलं.

मेकोनोप्सिस, म्हणजे हिमालयातली निळी पॉपी, नुसतं ओढलं तरी हातात येते. गाभा तपकिरी, लिबलिबीत झालाय आणि कुजका वास येतोय. प्रिम्युला डेंटिक्युलाटा जमिनीतून दोन बोटं वर उचलली गेलीय, मुळं उघडी पडून वाळली आहेत. सिलेन अकॉलिसच्या हिरव्या उशा मधोमध काळ्या पडल्यात. वाफा सपाट आहे, मातीत मी भरपूर कंपोस्ट घातलं होतं. जगलेली जवळजवळ सगळी रोपं कडेच्या दगडांना लागून, उतारावर आहेत.

पुढच्या हिवाळ्यात वरून जाड पालापाचोळा घालू का? की माती बदलू? ही रोपं मी बियांपासून वाढवली होती. पुन्हा तीच चूक करायची नाहीये.

प्रतिसाद

वाचून वाईट वाटलं. बियांपासून इथवर आणायला किती जपावं लागतं ते माहीत आहे.

तुमची रोपं थंडीने गेलेली नाहीत, ओलीने गेली आहेत. झोनचा आकडा दरवर्षीच्या नीचांकी तापमानाच्या सरासरीवरून काढतात. मुळाशी पाणी किती दिवस साचलं, हे तो सांगत नाही. हिमालयात मेकोनोप्सिसला पाणी मिळतं ते पावसाळ्यात. हिवाळाभर ती बर्फाखाली निजलेली असते, आणि जाड बर्फाखालची जमीन शून्याच्या आसपासच राहते. तुमच्याकडे ते पांघरूण दोनदा निघालं आणि गाभ्यात पाणी भरलं.

प्रिम्युलाचं दुखणं वेगळं. ओल्या मातीत बर्फाचे पापुद्रे धरतात, ते फुगताना रोपाला वर ढकलतात. सप्टेंबरअखेर लावलेल्या रोपाची मुळं तोवर खोल गेलेली नसतात. म्हणून लागवड वसंतातच करा.

पालापाचोळा नको. पावसात तो भिजून बसतो आणि गाभा आणखी कुजतो. त्याऐवजी काचेची तिरकी फळी चार दगडांवर टेकवा, बाजू मोकळ्या ठेवा. पाऊस अडतो, वारा खेळतो.

आणि कृपा करून सगळ्यांना एका वाफ्यात ठेवू नका. सिलेनला खडीच हवी: निम्मी बारीक खडी, उरलेल्यात भरड वाळू आणि माती, वाफा फूटभर उंच, रोपाच्या मानेभोवती (खोड आणि मूळ जुळतात तिथे) दोन-तीन सेंटीमीटर खडीचा थर. मेकोनोप्सिस मात्र अशा खडीत उन्हाळ्यात तहानेने मरेल. तिला पानांच्या खताची, ओल धरणारी माती हवी, पण उतारावर. खडी तिच्या फक्त मानेभोवती.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोचं वनस्पती उद्यान १९९४ मध्ये सुरू झालं, उत्तर ध्रुववृत्ताच्याही बरंच वर आहे, आणि तिथली निळी पॉपी प्रसिद्ध आहे. थंड उन्हाळा आणि हिवाळाभर टिकणारा बर्फ तिला मानवतो.

बी कुठलं आहे तेही बघा. दक्षिणेकडच्या बियांची रोपं दिवस लहान होण्याची वाट बघत शरदात उशिरापर्यंत वाढत राहतात. कोवळी फूट पक्की होण्याआधीच थंडी गाठते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी कुदळ घेऊन खणून बघितलं. वीतभर खाली चिकणमातीचा घट्ट थर लागला आणि खड्ड्यात पाणी झिरपून आलं. म्हणजे वरचं कंपोस्ट स्पंजासारखं भिजून बसलं होतं. मी फक्त वरची माती सुधारत राहिले, खाली बघितलंच नाही, याची फार हळहळ वाटतेय.

सिलेनसाठी उंच वाफा याच आठवड्यात घेते. एकच विचारायचं राहिलं: मेकोनोप्सिसच्या वाचलेल्या २ रोपांना बाजूने नवे फुटवे दिसतायत. ती आत्ता हलवू की फुलून गेल्यावर?

प्रतिसाद

आत्ताच. पानं मोठी व्हायच्या आत, मातीच्या गोळ्यासकट उचला. कुजलेला भाग स्वच्छ सुरीने कापून टाका. या वर्षी कळी आली तर खुडा, मुळांना जोर धरू द्या.