यॉर्कमधले 'गेट' आणि तिथली आडनावं

इंग्लंडमधल्या यॉर्क शहराच्या नकाशात कॉपरगेट, मिकलगेट, स्टोनगेट अशी नावं जागोजागी दिसतात. एका शहराला इतक्या वेशी? आणि त्या भागातली लिस्टर, बार्कर ही आडनावं कशावरून आली?

– वेशी नव्हेत, रस्ते. हा 'गेट' जुन्या नॉर्स म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतल्या 'गाता'वरून आला, अर्थ रस्ता. ८६६ साली डेन लोकांनी, म्हणजे डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांनी, शहर घेतलं, ९५४ मध्ये तिथला शेवटचा व्हायकिंग राजा एरिक ब्लडॅक्स हाकलला गेला, पण गल्ल्यांची नावं टिकली. मिकलगेट म्हणजे थोरला रस्ता. कॉपरगेटचा तांब्याशी काही संबंध नाही. ती लाकडी पेले-वाडगे कातणाऱ्यांची आळी. १९७६ ते १९८१ च्या उत्खननात तिथे त्या कातकामाचा कचरासुद्धा सापडला. आणि तटाच्या खऱ्या वेशींना यॉर्कमध्ये म्हणतात 'बार'! मिकलगेट बार पाहायला जाणाऱ्यांनी तहानेची सोय वेगळी करावी.

शहराचं नावही असंच हातोहात बदललं. रोमनांनी इ.स. ७१ च्या सुमारास ठाणं वसवलं, ते एबोराकम. मूळ बहुधा 'यू' वृक्षाच्या स्थानिक नावात. अँग्लो-सॅक्सनांच्या कानाला त्यात रानडुक्कर ऐकू आलं, म्हणून एओफरविक. डेन लोकांनी त्याचं योरविक केलं, पुढे यॉर्क. तिथले आर्चबिशप मात्र सहीत अजून 'एबोर' लिहितात.

आडनावं बरीचशी धंद्यांची. लिस्टर म्हणजे रंगारी, बार्कर ओकच्या सालीने कातडी कमावणारा, वेबस्टर विणकर. वॉकर सगळ्यात मजेशीर: विणलेलं लोकरी कापड पाण्यात तुडवून दाट करणारा. याच कामाला दक्षिणेत फुलर आणि नैर्ऋत्येला टकर म्हणत, त्यामुळे आडनावावरून घराण्याच्या मुलखाचा अंदाज बांधता येतो.

– डेन लोकांची स्वतःची आडनावं उरली नाहीत का?

– त्यांच्यात पिढीजात आडनावच नव्हतं, बापाचं नाव लावत. आडनावं रुजली १०६६ मध्ये फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांनंतर, तीही सावकाश. यॉर्कच्या नागरिकांची नोंदवही १२७२ पासूनची आहे. तीत नावापुढे धंदा लिहिलेला आढळतो. नॉर्स ठसा गावांवरून पडलेल्या आडनावांत शोधावा: सेल्बी, वेदरबी. शेवटचा 'बी' म्हणजे गाव, आपल्या 'कर'वाल्यांसारखाच प्रकार. १५७० साली यॉर्कमध्येच जन्मलेल्या, इंग्लंडची संसद उडवून देण्याच्या कटातल्या गाय फॉक्सचं आडनाव मात्र नॉर्मनांबरोबर आलेल्या एका व्यक्तिनामावरून आहे. कोल्ह्याशी त्याचं नातं नाही.